वाव्हळेबाईंचं खमीर

माझी नात पुण्यात नोकरी करते आणि काचेच्या बरणीत पीठ आंबवते. दोन्हीपैकी तिला जास्त काळजी कशाची, ते मला अजून कळलेलं नाही. रविवारी व्हिडिओ कॉल लावते आणि स्वतःचं तोंड दाखवायच्या आधी बरणी दाखवते. बरणीला रबर अडकवलेला असतो, पीठ किती चढलं ते कळावं म्हणून. "आजी, हे जिवंत असतं बरं का. ह्याला रोज खायला घालावं लागतं. तुला नाही कळायचं."

मी म्हणते, "बरं बाई."

मला कळतं. असलं जिवंत पीठ मी एकदा मारलेलं आहे. उपाशी ठेवून वगैरे नाही. घरी आणलं त्याच दिवशी, तांब्याभर पाण्याबरोबर न्हाणीत ओतून. हे नातीला ठाऊक नाही. तिच्या लेखी मी एक मिश्कील म्हातारी आहे, आणि मिश्कील म्हातारी असणं फार सोयीचं असतं. तुम्ही काहीही बोललात तरी लोक हसतात आणि पुढचं विचारत नाहीत. पण ती बरणी दिसली की मला वाव्हळेबाई दिसतात, आणि मग भाजीत मीठ दोनदा पडतं.

सुमन वाव्हळे. सेलूच्या आमच्या प्राथमिक शाळेत आम्ही आठ वर्षं बरोबर होतो. त्यांच्याकडे तिसरी, माझ्याकडे चौथी, मध्ये एक पत्र्याची भिंत. उंच बाई, पदर कमरेला खोचलेला, चालताना वहाणांचा आवाज असा की मुलं लांबूनच गप्प होत. वर्गात बोलायच्या ते छापल्यासारखं: "मुलांनो, पुस्तके उघडा." आणि शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं की खुर्चीत बसता बसता, "लय ऊन हाय बघा आज, डोकं चटचट करायलंय." पत्र्याच्या भिंतीतून मला त्यांचा पहिला आवाज ऐकू यायचा, आणि दर वर्षी त्यांच्याकडून वर आलेली मुलं माझ्या वर्गात आली की पाढे धडाधड म्हणायची. त्याचं श्रेय मी घ्यायचे. तेही सांगून टाकते, लिहायला बसलेच आहे तर.

त्यांना प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायची सवय होती. नवी वही आली की आधी नाकाशी. खडूचा खोका उघडला की नाकाशी. हजेरी घेताना रांगांमधून फिरायच्या आणि एखाद्या पोरापाशी थांबून म्हणायच्या, "तू घरी जा रे. आईला म्हणावं, ताप येणार हाय." पोरगं चांगलं उड्या मारत असायचं. दुसऱ्या दिवशी त्याची आई सांगायला यायची की बाई, खरंच फणफणला. मी एकदा विचारलं, हे कळतं कसं. म्हणाल्या, "आंबट वास येतो. खमिराचा नाद असला की नाक तयार होतं."

तर खमीर. त्यांचे वडील, अण्णा, पूर्णेला रेल्वेच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्ड लोक मुक्काम करतात तिथं, स्वयंपाकाला होते. आधी भांडी घासायला लागले होते. तिथले मुख्य खानसामा हैदराबादकडचे, म्हातारे. त्यांना सगळे बडे मियाँ म्हणत. त्यांच्याकडे चिनी मातीची एक बरणी होती आणि तिच्यात आंबवलेलं गव्हाचं पीठ. त्याच्यावर ते डबलरोटी फुगवत. नोकरी सुटायच्या दिवशी बडे मियाँनी ती बरणी कोणाला द्यावी म्हणून स्वयंपाकघरात सगळ्यांकडे बघितलं. कोणी हात पुढं केला नाही. अण्णांनी केला. बडे मियाँ म्हणाले, "इसकू मरने नको देना." अण्णांनी नाही दिलं. नोकरी संपली, बायको गेली, लेकी लग्न होऊन गेल्या, पण बरणीत रोज सकाळी मूठभर पीठ पडत राहिलं. लेकीच्या लग्नात त्यांनी तिला जे दिलं त्यात एक डबा खमिराचा होता. वाव्हळेबाई सांगायच्या, "माझ्या सासूला वाटलं, खीर हाय. झाकण काढलं आणि म्हणली, नासली की हो."

शनिवारी सकाळची शाळा असायची तेव्हा बाई पाव आणायच्या. भट्टी वगैरे काही नव्हती. जर्मनच्या पातेल्यात वाळू, तिच्यावर डबा, झाकणावर निखारे. वरून काळपट, कडक, आत भोकं भोकं आणि किंचित आंबूस. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तो पाव शिक्षकांच्या खोलीत पाच मिनिटं टिकत नसे. मी मात्र म्हणायचे, "माझा आज शनिवार आहे." उपास असला की कसं, कोणाला दुखवावं लागत नाही. वाव्हळेबाईंच्या घरी चौदा एप्रिलला सगळ्या स्टाफला जेवायला बोलावणं असायचं. आठ वर्षांत आठ वेळा. मला दर चौदा एप्रिलला ताप यायचा. वास घेऊन ताप ओळखणाऱ्या बाईला मी हे सांगत होते, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

आता कोणी विचारील, का. त्याला काही कारण लागत नाही, आडनाव पुरतं. त्या वाव्हळे, बौद्ध. मी देशमुखांची सून. डी.एड. झालेली, केसांचा गोल अंबाडा घालणारी, वर्गात समानतेचा धडा आला की घसा खरवडून शिकवणारी. एकदा तपासणीला आलेले साहेब तो धडा ऐकून म्हणाले होते, बाई, तळमळ आहे तुमच्यात. ती तळमळ फळ्याजवळच राहायची. घंटा झाली की मी खडूबरोबर ती पेटीत ठेवून घरी जायचे.

एका जुलैत वाव्हळेबाईंनी शाळेत चार बाटल्या आणल्या. औषधाच्या मोठ्या तोंडाच्या, उकळून घेतलेल्या. प्रत्येकीत चार बोटं खमीर. "हे एकाच घरात ठिवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "अण्णांचं असंच हाय. चार घरी असावं. माझं मेलं तर मी तुमच्याकडून आणीन. तुमचं मेलं तर माझ्याकडून न्या. सगळ्यांचं एकदम मरत न्हाई." मग आम्हा चौघांना पोरांसारखं समोर उभं करून शिकवलं. रोज दोन चमचे पीठ, तेवढंच पाणी. झाकण घट्ट लावायचं नाही, फडकं बांधायचं. उन्हाळ्यात बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी, थंडीत वाकळीत. फुगून खाली बसलं की भूक लागली समजायचं. वाढलेलं फेकायचं नाही, धिरडी घालायची. "म्हणा बघू, देशमुखबाई." मी म्हणून दाखवलं. एकही चूक नाही. पाठांतर माझं पहिल्यापासून चांगलं.

घरी येताना ती बाटली मी दोन बोटांनी धरून आणली. बाहेरूनच न्हाणीकडे गेले आणि ओतली. पांढरं, चिकट, बुडबुड्यांचं ते मोरीच्या तोंडाशी क्षणभर अडकलं. मी तांब्या ओतला. मग हात साबणानं धुतले. दोनदा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कसं हाय?"

"छान आहे," मी म्हणाले.

"फुगलं का?"

"फुगलं की. रात्रीतून दुप्पट."

इथं थांबायला हवं होतं. बाकी तिघांनी महिन्याभरात सरळ सांगितलं. एकाचं वाळलं, एकाच्या बायकोनं सगळं धिरड्यांत संपवलं, एकाचं मांजरानं सांडलं. त्यांना बाई म्हणाल्या, "बरं, पुन्हा दिऊ कधी तरी." माझं मात्र उत्तम चाललेलं होतं. नसलेलं खमीर कधी आजारी पडत नाही. मी तब्येतीत खोटं बोलायला लागले. आज जरा पातळ झालंय. आज वर पाणी सुटलंय, काय करू? त्या मन लावून सांगायच्या, "काढू नका, ढवळा. आणि पीठ जास्त घाला एक दिवस." मी मान डोलवायचे. दोन वर्षं. एखाद्या लेकराची चौकशी करावी तशी त्या रोज चौकशी करायच्या आणि मी रोज त्या मेलेल्या लेकराचं कौतुक सांगायचे.

एकदा त्या म्हणाल्या, "एखादा पाव तरी आणून दाखवा की." मी स्टेशन रोडच्या बेकरीतून पाव आणला, तव्यावर उलटासुलटा करून काळा केला आणि डब्यात घालून नेला. त्यांनी घेतला, नाकाशी धरला. जरा जास्तच वेळ धरला. मी खिडकीबाहेर लिंबाच्या झाडाकडे बघत होते. मग त्यांनी तो मोडला, चटणी लावली आणि सगळा खाल्ला. बोटाला लागलेला चुरासुद्धा. म्हणाल्या, "मीठ जरा कमी पडलंय." मला वाटलं, जिंकले. घरी जाताना स्वतःशी हसलेही. त्या हसणाऱ्या बाईला आज रस्त्यात गाठता आलं असतं तर मी तिचा अंबाडा धरून तिला परत शाळेत नेलं असतं.

त्यानंतर त्या स्टाफमध्ये कोणालाही म्हणायच्या, "आता माझ्यावरच न्हाई बघा. देशमुखबाईंकडं हाय."

पुढच्या मे महिन्यात अण्णा आजारी पडले. सुट्टीच होती, बाई आपली बरणी घेऊन पूर्णेला गेल्या. हे मला नंतर कळलं, ते असं.

दुपारी बाराचा सुमार. मी आतल्या खोलीत शेवया वाळत घातलेल्या उलथत होते. बाहेरचं दार वाजलं आणि सासूबाईंनी उघडलं. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. आत्या तेव्हा सत्तरीच्या, कानानं कमी. मला आत्यांचा आवाज ऐकू आला, "अगं ये की बाई आत. उन्हात कामून उभी?"

बाहेर येऊन बघते तर वाव्हळेबाई. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात. तोंड उन्हानं रापलेलं, हातात कडीचा एक रिकामा डबा. आत्यांनी त्यांना बाजेवर बसवलं होतं, स्वतः त्यांच्या शेजारी बसल्या होत्या आणि पदरानं त्यांना वारा घालत होत्या.

"देशमुखबाई," त्या म्हणाल्या, "अण्णांचं बरं न्हाई. आता काही खाईनात. पण सारखं डबलरोटी म्हणायलेत. त्यांची बरणी पडून राहिली होती, तिच्यात काही न्हाई. म्हणून माझ्यातलं घेतलं तर त्याला लाल डाग. उन्हानं गेलं ते. दोन्ही गेली." डबा त्यांनी मांडीवर घेतला. "तुमच्यातलं चार चमचे द्या. दोनच्या गाडीनं जाते. उद्या दुपारपर्यंत पाव होतो."

मला तेव्हा खरं बोलता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. मी काय केलं ते ऐका. मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "काय सांगू तुम्हाला. परवाच आत्यांनी फेकलं. त्यांना चालत नाही ना असलं, दुसऱ्या घरचं. जुनं माणूस. मी किती समजावलं."

आत्यांना ऐकू आलं नव्हतं. त्या उठून आत गेल्या होत्या त्या आता आल्या. हातात आपला स्वतःचा पाणी प्यायचा तांब्या, त्याच्यावर पेला. "घे बाई, आधी पाणी पी," त्या म्हणाल्या. "मग ताक दिते. जेवूनच जा, भाकरी झाल्यात." आणि त्यांनी पेला भरून वाव्हळेबाईंच्या हातात दिला, आणि उरलेल्या पाण्याचा घोट तांब्यातूनच स्वतः घेतला.

आत्या विधवा झाल्यापासून शेत एकटीनं बघणारी बाई. निंदणी-खुरपणीच्या बायकांच्या फडक्यातली भाकरी मोडून खात आयुष्य गेलेलं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शिकलेल्या सुनेनं कधी त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं, इतकंच.

वाव्हळेबाईंनी पेल्याकडे बघितलं. मग आत्यांकडे. मग माझ्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. त्यात राग असता तर मला धरायला काही मिळालं असतं. त्या पाणी प्याल्या, सगळं. पेला खाली ठेवला. आत्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "जेवायला न्हाई थांबत, आई. गाडी हाय." आणि डबा घेऊन निघाल्या. मला म्हणाल्या, "बरं, येते बाई."

आत्यांनी विचारलं, "काय न्यायला आली होती?"

मी म्हणाले, "शाळेचं काम होतं."

अण्णा तीन दिवसांनी गेले. सगळा स्टाफ पूर्णेला भेटायला गेला, मीही गेले. मला वाटलं होतं, तिथं तरी त्या काही बोलतील. त्यांनी मला इतरांसारखाच चहा दिला आणि मी, एवढं सगळं झाल्यावर, तो प्याले. पहिल्यांदा. शरमेनं माणूस केवढं सुधारतं बघा, पण वेळेवर नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. त्या बोलायच्या, हजेरीपटाचं, सहलीचं, पावसाचं. खमिराचं नाव काढलं नाही, ना त्यांनी ना मी. शनिवारच्या डब्यात दोन-तीन महिने भाकरी दिसली आणि मग पुन्हा पाव दिसायला लागला. मी हात पुढं केला तर त्यांनी मला दिला. माझा शनिवार कुठं गेला, हे विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची बदली गंगाखेडकडे झाली. निरोप समारंभात माझं भाषण झालं. चांगलं झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि त्यानंतर तीसएक वर्षं मी ही गोष्ट कोणाला सांगायची वेळ आली की आत्यांचं नाव सांगत आले. "आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या होत्या," म्हणून. आत्या वारल्या, तरी सांगतच होते. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं. एका बाईला फसवलं आणि दुसरीला बदनाम केलं, दोघीही माझ्यापेक्षा बऱ्या.

मागच्या हिवाळ्यात पूर्णेला एका लग्नाला गेले होते. मांडवात कोणीतरी म्हणालं, वाव्हळेबाई इथंच राहतात, रेल्वेच्या पलीकडे. जेवण व्हायच्या आधीच मी रिक्षा केली.

घर छोटं, समोर फाटक, अंगणात पपईचं झाड. त्या ओट्यावर परात घेऊन बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत पिठात. केस पांढरे, चष्मा जाड. मी फाटकातून म्हणाले, "ओळखलं का?"

"देशमुखबाई," त्या म्हणाल्या. "या. कडी आतून हाय, हात घाला."

त्यांनी सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला. मग गुडघे, नातवंडं, पेन्शनीच्या कागदांचे हेलपाटे. म्हाताऱ्या बायका बोलतात ते सगळं बोललो. चहा आला. मी कप हातात घेतला आणि म्हणाले, "बाई, ते आत्यांनी फेकलं नव्हतं. मी फेकलं होतं. आणि परवा नाही, पहिल्याच दिवशी."

त्या पीठ मळत होत्या. थांबल्या नाहीत.

"ठाऊक हाय," म्हणाल्या.

"तांब्यावरून कळलं ना?"

"तांब्यावरून सासूबाईंचं कळलं. तुमचं आधीच कळलं होतं. तुमी आणलेला पाव बेकरीचा होता की. मला खमिराचा वास कळत न्हाई का?"

मग मी जे विचारलं ते आजही वाटतं, विचारायला नको होतं. "ठाऊक होतं तर त्या दिवशी एवढ्या उन्हात माझ्याकडे कशाला आलात?"

त्यांनी पीठ उलटं केलं. तळहातानं पुढं ढकललं, ओढून घेतलं. बाजूला बरणी होती, चिनी मातीची, फडकं बांधलेली.

"अण्णा सारखं म्हणायलेते," त्या म्हणाल्या. "दुसरीकडं कुठंच नव्हतं. गाडीत बसून मी म्हणत होते, आपलं नाक चुकलं असंल. माणसाच्या बाबतीत चुकतं कधी कधी. असलं तर असलं." बोटांना चिकटलेलं पीठ परातीत सोडवलं आणि म्हणाल्या, "खाणं तर बंदच झालं होतं त्यांचं. नुसता वास पाहिजे होता."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. चहावर साय धरली होती. मी म्हणाले, आणि हे म्हणताना माझं वय पंचाहत्तर होतं, "ह्याच्यातलं मला थोडं द्याल का? आता सांभाळीन."

"न्हाई," त्या म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. भाजीवाल्याला आज नको म्हणावं तसं.

"आता कोणाला देत नाही?"

"देते की. गल्लीत सात-आठ घरी हाय. हे अण्णांचं न्हाई, नवं लावलेलं हाय, पण चांगलं हाय." त्यांनी चष्मा मनगटानं वर सरकवला, कपाळाला पीठ लागलं. "चहा घ्या. गार व्हायलाय."

मी चहा घेतला. मग म्हणाले, "माझ्यावर राग आहे?"

"राग करून काय करू, बाई. ह्या पिठाची येळ झालीय."

त्यांनी डब्याला तेलाचा हात लावला, गोळा उचलून त्यात ठेवला आणि कडेनं बोटं फिरवून तो सारखा करायला लागल्या, मान खाली घालून, अगदी सावकाश. मी उठले, येते म्हणाले. त्यांनी मान हलवली. चपला घालेपर्यंत आणि अंगण ओलांडेपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही. डब्यावर ओलं फडकं टाकत होत्या. फाटकाबाहेर येऊन, पुन्हा आत हात घालून कडी मीच लावून घेतली.